आठ फुटी छत्री ठेवावी की भंगारात द्यावी: गच्चीवरच्या नोंदी, २०२५

१६ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या जुन्या छत्रीचा विषय निघाला. टाकीच्या खोलीला लागून १९९३ पासून उभी असलेली ही आठ फुटी जाळीची डिश काढून टाकावी, जागा मोकळी होईल, ॲल्युमिनियमचे चार पैसेही येतील, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मी पावसाळा संपत येईपर्यंतची मुदत मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "मुदत घ्या, पण शेवटी लेखी द्या. कामाची आहे म्हणता, तर कशाच्या कामाची, ते सगळ्यांना कळलं पाहिजे." रास्त मागणी आहे. म्हणून या नोंदी.

दुपारी वर जाऊन काय काय शिल्लक आहे ते पाहिलं. छत्रीची जाळी एका ठिकाणी दबलीय, बाकी शाबूत. पोलादी स्टँडचं गॅल्व्हनायझिंग अजून धरून आहे, नट मात्र गंजून एकजीव झालेत. त्यांवर रॉकेल सोडून ठेवलं. मध्यभागी, तीन दांड्यांवर, फीडहॉर्न (छत्रीने एकवटलेल्या लहरी आत घेणारं तोंड) आणि त्याला बोल्टने जोडलेला वेगळा एलएनबी (त्या लहरी वाढवून वायरमधून खाली पाठवणारा डबा). फीडहॉर्नचं प्लास्टिकचं झाकण तडकलंय आणि आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय. टाकीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात दोन ॲनालॉग रिसीव्हर, एक मॉड्युलेटर (चित्र टीव्हीच्या वाहिनीवर चढवणारा) आणि पुढे कधीतरी आलेला एक एमपेग-२, म्हणजे जुन्या पद्धतीने दाबलेलं चित्र उलगडणारा, डिजिटल रिसीव्हर.

हेतू ठरवून घेतला. घरोघरी वायर टाकून वाटायचं नाही; तो केबल चालवण्याचा धंदा झाला आणि त्याला १९९५ चा केबल कायदा आहे. तळमजल्यावरच्या सभागृहात दुपारी ज्येष्ठ मंडळी बसतात, तिथला एक टीव्ही. त्यावर पावसाळ्यातही न तुटणारं दूरदर्शन दिसलं, तर छत्री कामाची.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ज्यांनी ही छत्री उभी केली ते केबलवाले काका मुलुंडमध्येच असतात. त्यांना बोलावलं. चार मजले जिने चढून आले, कठड्याला टेकून दम घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोन कोणी बदलला नाही ना?" कोणीच बदललेला नव्हता. ओळंबा आणि कोनमापक लावून पाहिलं तर छत्री क्षितिजापासून ४७ अंश वर बघत होती, साधारण पूर्व-आग्नेयेला. मुंबईतून १०५.५ अंश पूर्वेचा उपग्रह बरोबर तिथेच दिसतो. म्हणजे ही अजून एशियासॅट-१ च्या जागेकडे तोंड करून उभी होती.

त्या उपग्रहाची हकिगत काकांना ठाऊक नव्हती, ती सांगितली. तो मुळात वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सोडला, पण त्याची मोटर नीट चालली नाही आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरीच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. दुरुस्त करून ७ एप्रिल १९९० ला चीनच्या लाँग मार्च-३ अग्निबाणाने पुन्हा वर पाठवला, तोच एशियासॅट-१. स्टार टीव्ही त्याच्यावरूनच आला आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्हीही. मुंबईच्या गच्च्यांवर छत्र्या उगवल्या त्या एका वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या उपग्रहासाठी. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग हिला भंगार कसं म्हणता?"

त्यांनी त्या काळातली कामाची पद्धत सांगितली. एक जण गच्चीवर, एक जण टीव्हीसमोर, आणि जिन्यातल्या माणसामार्फत ओरडून निरोप. चित्रातल्या पांढऱ्या ठिपक्यांवरून सिग्नल किती कमी आहे ते ओळखायचं. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत जाई. आता डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम काहीच नाही. हा फरक पुढे मोजमाप करताना लक्षात ठेवायला हवा.

२ मार्च, रविवार

नट सुटले. दबलेला भाग मागून लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने सरळ केला.

मग दोऱ्याची चाचणी. काठावर समोरासमोर चार बिंदू घेऊन दोन दोरे एकमेकांना काटकोनात ताणून बांधायचे. छत्री पिळली नसेल तर दोरे मध्यभागी एकमेकांना जेमतेम टेकतात. आपल्याकडे बोटभर फट होती. मागची एक पट्टी सैल करून, काठ ओढून, पुन्हा कसली, आता टेकतात. वक्रता किती बरोबर हवी याचा हिशेब लहरीच्या लांबीवर असतो. ही छत्री ज्या पट्ट्यासाठी आहे तो सी-बँड म्हणजे ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ, लहर सुमारे साडेसात सेंटिमीटरची. तिच्या सोळाव्या भागापर्यंतची चूक चालते, म्हणजे सुमारे पावणेपाच मिलिमीटर. हाताने सरळ केलेल्या जाळीला हे जमण्यासारखं आहे. ११ गिगाहर्ट्झच्या केयू-बँडला (घरगुती छोट्या डिशच्या पट्ट्याला) हीच मर्यादा पावणेदोन मिलिमीटरवर येते, तिथे ही छत्री नापास.

जाळीच्या भोकांचंही तसंच. भोक लहरीच्या दहाव्या भागापेक्षा लहान हवं. आपली भोकं पाच मिलिमीटरची, सी-बँडला उत्तम, केयूला मोठी. उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याच्या १९७५-७६ च्या साइट प्रयोगात इस्रोने २,४०० खेड्यांत दहा फुटी डिश चक्क कोंबड्यांच्या जाळीच्या बसवल्या, कारण एटीएस-६ उपग्रह ८६० मेगाहर्ट्झवर बोलत होता आणि तिथे लहर पस्तीस सेंटिमीटरची. जाळी फाटकी की चांगली हे नुसतं बघून ठरत नाही. कुठल्या लहरीसाठी, ते आधी विचारावं लागतं.

मापं: व्यास २४४ सेंटिमीटर, मधली खोली ४०. नाभीचं (लहरी जिथे एकवटतात त्या बिंदूचं) अंतर म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट, ते ९३ सेंटिमीटर आलं. फीडहॉर्नचं तोंड तिथेच आहे. काकांनी १९९३ साली लावलेलं माप एक सेंटिमीटरनेही हललेलं नाही.

८ मार्च, शनिवार

नवं लक्ष्य ९३.५ अंश पूर्व. तिथे दोन उपग्रह शेजारी शेजारी आहेत: जीसॅट-१५, ज्यावरून डीडी फ्री डिश केयू-बँडवर येते, आणि जीसॅट-१७, ज्यावरून दूरदर्शनच्या वाहिन्या सी-बँडवर उतरतात. एकाच दिशेला दोन्ही, त्यामुळे तुलना चोख होईल.

मुंबईतून ही जागा उत्तरेपासून १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश वर. उंची बरीच आहे, हे आपलं भाग्य. समोर नवा बावीस मजली टॉवर झालाय. आपल्या गच्चीपासून तो साधारण पंचावन्न मीटर वर जातो. साडेसत्तावन्न अंशांचा टॅन्जंट १.५७, म्हणजे टॉवर पस्तीस मीटरच्या आत असता तर आडवा आला असता. तो रस्त्यापलीकडे, बराच लांब आहे. जुना १०५.५ अंशांचा उपग्रह मात्र ४७ अंशांवरच होता. त्या दिशेला पन्नासेक मीटरवरचा टॉवरही त्याला झाकेल. मुंबईत एखाद्याची जुनी डिश चालत नसेल तर एलएनबी बदलण्याआधी हा हिशेब करावा. दहा वर्षांत समोर काय उभं राहिलं, ते डिशला आपोआप कळत नाही.

होकायंत्राचा भरवसा नाही. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम फरक आहे, पण स्लॅबमधल्या सळ्या आणि पोलादी स्टँड सुई ओढतात. म्हणून सूर्य वापरला. आज अकरा वाजून पाचेक मिनिटांनी सूर्य बरोबर १३१ अंशांवर येतो. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली गच्चीवर खडूने आखली. स्टँड त्या रेषेवर फिरवला, कोन ५७.५ केला.

१२ मार्च, बुधवार

या कामातला मला सर्वांत आवडणारा दिवस. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागून जातो. त्या काही मिनिटांत सूर्याचा रेडिओ गोंगाट सिग्नलवर चढतो आणि देशभर वाहिन्या थोडा वेळ बिघडतात. मुंबईच्या अक्षांशावर ९३.५ अंशांसाठी मार्चमधला तो दिवस आजच्या आगेमागेच पडतो, सकाळी ११ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास.

सिग्नल नसला तरी याचा उपयोग होतो. छत्री उपग्रहाकडे बरोबर बघत असेल, तर त्या क्षणी फीडहॉर्नची सावली छत्रीच्या ऐन मध्यावर पडायला हवी. पडली ती चार बोटं डावीकडे. दोन नट सैल करून स्टँड किंचित फिरवला, सावली मधल्या गोल पत्र्यावर आली, नट कसले. मीटर नको, ॲप नको. भाचा शेजारी उभा होता, त्याला कॉलेजला उशीर झाला, पण तो हलला नाही.

ज्यांना शरद ऋतूत करायचंय त्यांनी १ ऑक्टोबरच्या आसपास, पावणेअकराच्या पुढे पाहावं. ढग असतील तर नशीब.

१६ मार्च, रविवार

जुना एलएनबी साफ केला, मातीचं घर काढलं, झाकण नवं लावलं. त्यावरच्या पट्टीवर २५ केल्व्हिन छापलंय; हे त्याच्या स्वतःच्या गोंगाटाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं. आजचे १५-१७ केल्व्हिन सांगतात. आठ फुटांच्या छत्रीला हा फरक फार जाचक नाही.

कपाटातला डिजिटल रिसीव्हर जोडला. सिग्नलची पातळी ऐंशीच्या वर, पण गुणवत्ता कधी वीस, कधी शून्य. चित्र क्षणभर येतं, चौकोन चौकोन होतं, जातं. एलएनबी फिरवून पाहिला. मुंबईत या उपग्रहासाठी ध्रुवीकरणाचा (लहर कुठल्या रेषेत थरथरते त्याचा) तिरपेपणा गणिताने ४५ अंशांच्या आसपास येतो. नेमका हाच कोन घातक आहे: एलएनबी सरळ उभा लावला तर आडवे आणि उभे दोन्ही सिग्नल सारख्याच प्रमाणात मिसळतात. तो दुरुस्त करूनही गुणवत्ता स्थिर होईना. पातळी भरपूर आणि गुणवत्ता नाही, याचा अर्थ आत काहीतरी नको ते शिरतंय.

२३ मार्च, रविवार

काय शिरतंय ते दिसलं. भाच्याकडे एसडीआर डोंगल (संगणकाला लावून रेडिओ लहरींचा आलेख दाखवणारं छोटं यंत्र) आहे, १,७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारं. एलएनबीला लागणारे १८ व्होल्ट डोंगलमध्ये गेले तर ते जळतं, म्हणून एकाच बाजूने वीज सोडणारा स्प्लिटर मध्ये घातला.

सी-बँडचा एलएनबी ५,१५० मेगाहर्ट्झमधून आलेली लहर वजा करून खाली पाठवतो. आपल्याला हवं ते ३,७०० ते ४,२०० मेगाहर्ट्झ वायरमध्ये १,४५० ते ९५० वर दिसतं. तिथे उपग्रहाचे वाहक (वाहिन्या वाहून आणणारे सिग्नल) छोट्या टेकड्यांसारखे दिसत होते. आणि १,४८० च्या पुढे भिंत. ५,१५० वजा १,४८० म्हणजे ३,६७०. भारतात ५जी ला दिलेला पट्टा ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झ. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचे अँटेना आहेतच. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, हा अँटेना हाकेच्या अंतरावर. छत्री त्याच्याकडे बघत नसली तरी बाजूने जे गळतं तेवढंही एलएनबीच्या पहिल्या ॲम्प्लिफायरला गुदमरवायला पुरतं.

यात कोणाची चूक नाही. हा एलएनबी बनला तेव्हा ३.४ गिगाहर्ट्झपासून पुढचं सगळं आकाशासाठीच होतं, म्हणून त्याचं दार तेवढं मोठं ठेवलेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाल्यावर त्या दारातून गर्दी आत आली. मुंबईत ज्यांनी "जुनी डिश अचानक मेली" म्हणून भंगारात दिली, त्यांतल्या किती जणांची डिश ठणठणीत होती याचा विचार करून वाईट वाटतं.

वायरमध्ये फिल्टर घालून उपयोग नाही, कारण गुदमरणं आधीच झालेलं असतं. फिल्टर एलएनबीच्या आधी हवा. इथे जुन्या सामानाची एक बाजू फार भक्कम आहे. फीडहॉर्न आणि एलएनबी वेगळे, मध्ये बोल्टचा चौकोनी फ्लँज. त्या सांध्यात धातूचा वेव्हगाइड फिल्टर, म्हणजे नको त्या लहरी अडवणारी नळी, बसतो. तो महाग, पण कामाला चोख. आजच्या एकसंध एलएनबीत सांधाच नसतो, आत जो फिल्टर असेल तोच.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

लॅमिंग्टन रोडवरून ५जी फिल्टर आत असलेला नवा एकसंध एलएनबी आणला होता, हजार रुपयांच्या आत. वेव्हगाइड फिल्टरला याच्या कित्येक पट पैसे पडले असते. सोसायटीचे पैसे आहेत. काम आज नाही.

५ एप्रिल, शनिवार

नवा एलएनबी ९३ सेंटिमीटरवर बसवला. डोंगलवर पाहिलं, भिंत खचली आहे. पूर्ण गेलेली नाही, पण टेकड्या ठळक झाल्या. ३,७०० च्या अगदी कडेचे वाहक फिल्टरच्या उताराने थोडे दबले, ती किंमत मान्य आहे. गुणवत्ता सत्तरच्या पुढे, स्थिर. डीडी सह्याद्री दिसली. काकांना फोन केला तर म्हणाले, "आवाज ऐकवा आधी." ऐकवला.

जुना एलएनबी आणि फीडहॉर्न फेकायचे नाहीत. तेल लावून, कागदात गुंडाळून कपाटात.

रिसीव्हरचा निकाल लावायचा तर सोपा आहे. दोन्ही ॲनालॉग रिसीव्हर चालू होतात, गरम होतात, पण त्यांना ऐकायला आकाशात काहीच उरलेलं नाही. एमपेग-२ वाला डीव्हीबी-एस या जुन्या डिजिटल प्रसारण पद्धतीपुरता चालतो. जिथे प्रसारण २००५ नंतर आलेल्या डीव्हीबी-एस२ पद्धतीत किंवा एमपेग-४ मध्ये आहे तिथे तो एकतर काहीच दाखवत नाही किंवा नुसता आवाज देतो. डीडी फ्री डिशवरही काही वाहिन्या एमपेग-२ मध्ये, काही एमपेग-४ मध्ये आहेत, आणि वारं कुठे वाहतंय ते उघड आहे. नवा साधा एस२ रिसीव्हर घेतला. पैसे भरून बघायच्या वाहिन्या कुलूपबंद असतात, त्या या वाटेने येणार नाहीत. ज्यांना त्या हव्यात त्यांनी छत्रीकडून आशा धरू नये.

२० एप्रिल, रविवार

भाच्याने हट्ट धरला होता म्हणून सुट्टीच्या रात्री छत्री त्याच्या ताब्यात दिली. एलएनबी काढून त्या जागी सुमारे सोळा सेंटिमीटर व्यासाचा डबा, आत पाच सेंटिमीटरच्या जरा वरची तांब्याची तार, एक कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर आणि डोंगल. लक्ष्य: हायड्रोजनची १,४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा, एकवीस सेंटिमीटर लहर.

छत्री हलवायची नव्हती, तशी गरजही नाही. पृथ्वी फिरते, आकाश समोरून सरकत जातं. आपण बघतोय त्या पट्ट्यातून आकाशगंगा दिवसातून दोनदा जाते. सध्या त्यातली चांगली वेळ पहाटे चारच्या सुमारास, गरुड तारकासमूहाच्या शेजारून. आम्ही अडीचपासून आलेख साठवत बसलो. तीननंतर सपाट रेषेवर उंचवटा यायला लागला, चारला स्पष्ट झाला, पुढे ओसरला. आपल्या आकाशगंगेतला वायू मुलुंडच्या गच्चीवरून दिसला, ज्या जाळीने एके काळी क्रिकेटचे सामने आणले तिनेच.

त्याला कल्याणची गोष्ट सांगितली. सिडनीजवळ पॉट्स हिलला वापरून झालेल्या सहा फुटी ३२ डिश ऑस्ट्रेलियाने भारताला दिल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) तरुण मंडळींनी १९६५ मध्ये त्या कल्याणजवळ मांडल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहिला. भारतातला त्या धर्तीचा पहिला रेडिओ दुर्बीण-संच वापरलेल्या डिशचा होता. त्यानंतर उटीची रेडिओ दुर्बीण, आणि मग नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० डिशचा जीएमआरटी हा दुर्बीण-संच, त्याही जाळीच्याच. भाचा म्हणाला, "मामा, मग ही सोसायटीला नको असेल तर कॉलेजला द्या." तोही एक पर्याय म्हणून लिहून ठेवतो.

४ मे, रविवार

एलएनबी परत जागेवर. शेजारी, एका सभासदाने बंद केलेल्या डीटीएच कनेक्शनची साठ सेंटिमीटरची छोटी डिश बसवली, तीही ९३.५ कडे, फ्री डिशसाठी. तिचा पत्रा शाबूत, एलएनबी साधा युनिव्हर्सल, काहीच बदलावं लागलं नाही. मुंबईतल्या खिडक्यांच्या ग्रिलवर अशा हजारो डिश नुसत्या लटकत आहेत. दिशा बदलून एक मोफत रिसीव्हर लावला की त्या पुन्हा कामाच्या. ज्याला घरापुरतं हवंय त्याने आठ फुटांच्या मागे लागू नये.

पावसाआधी स्टँडचे पायाचे बोल्ट बदलले. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या आकाराच्या भरीव पत्र्यावर तीनशे किलोच्या आसपास रेटा येतो. जाळीतून त्यातला काही निसटतो, पण जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ही टिकली, ती काकांनी पाय स्लॅबऐवजी खालच्या बीमवर घेतले म्हणून.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आज मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. कुलाब्याकडे तर धुवांधार. मुलुंडला सरी, पण जोरदार.

सभागृहात दोन टीव्ही शेजारी ठेवले, दोन्हींवर सह्याद्री: एकावर छोटी डिश केयूवरून, दुसऱ्यावर छत्री सी-बँडवरून. पहिली मोठी सर आली तशी छोट्या डिशची गुणवत्ता घसरत गेली, चौकोन पडले, मग "सिग्नल नाही". सर ओसरल्यावर काही मिनिटांत परत आली. छत्रीचा आकडा जागचा हलल्यासारखा वाटला नाही. पुढच्या सरीला पुन्हा तेच.

कारण थेंब आणि लहर यांच्या मापात आहे. ११ गिगाहर्ट्झची लहर पावणेतीन सेंटिमीटरची, पावसाचा मोठा थेंब पाच मिलिमीटरचा; थेंब तिला चांगलाच खातो. ताशी ५० मिलिमीटर पावसात दर किलोमीटरला सुमारे दोन डेसिबल, आणि पावसातून जाणारी तिरकी वाट कित्येक किलोमीटरची. ४ गिगाहर्ट्झला त्याच पावसात दर किलोमीटरला एका डेसिबलचा दहावा भागही जात नाही. कोकणपट्टीत राहणाऱ्याने सी-बँडची छत्री मोडीत काढण्याआधी एवढं एक लक्षात घ्यावं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शहर थांबलंय. रुळांवर पाणी, मध्य रेल्वेची सीएसएमटी ते ठाणे वाहतूक बंद. दुपारी आपल्या गल्लीतली वीज गेली. त्याबरोबर इमारतीतला इंटरनेटचा बॉक्स गेला, केबल गेली, मोबाइलचं जाळं इतकं मंद की बातमी उघडेना.

सभागृहातला रिसीव्हर आणि छोटा एलईडी टीव्ही दोन्ही १२ व्होल्टचे, बॅटरीवर टाकले. दोन्ही मिळून आणि एलएनबीसकट चाळीस वॉटच्या आत. सह्याद्रीच्या बातम्या अखंड दिसत होत्या. हळूहळू हॉल भरला. कोणाचा मुलगा दादरला अडकलेला, कोणाची सून घाटकोपरला. तळमजल्यावरच्या काकूंनी चहा ठेवला. छोटी डिश दिवसभर धड टिकली नाही.

उपग्रहातून थेट उतरणाऱ्या सिग्नलला मध्ये कुठे विजेवर चालणारा, पाण्यात बुडणारा खोका नसतो. वर उपग्रह, खाली आपण.

२४ ऑगस्ट, रविवार

लेखी निवेदन सेक्रेटरींना दिलं, त्यातला गाभा इथे उतरवतो.

छत्री, स्टँड आणि आरजी-११ जातीची जाड अँटेना वायर ठेवावी. वक्र पृष्ठभागाला प्रसारणाच्या पद्धती बदलल्याने काही होत नाही, पुढची बरीच वर्षं ती पुरेल. तिच्यावरचा एलएनबी मात्र दर काही वर्षांनी बदलायची वस्तू समजावी. शेजारच्या गच्चीवर नवे अँटेना आले किंवा पट्टे पुन्हा सरकले तर फिल्टरही बदलावा लागेल. त्यासाठी जुना फीडहॉर्न जपला आहे. रिसीव्हर सर्वांत लवकर शिळा होतो, त्यावर फार पैसे घालू नयेत. ॲनालॉग रिसीव्हर आणि मॉड्युलेटर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत, भंगारवाल्याला नाही.

खर्च एलएनबी, एस२ रिसीव्हर, बोल्ट आणि रंग एवढाच. बॅटरी आपल्याकडे होतीच.

सभेत एका सभासदाने विचारलं, "पुनर्विकासात बिल्डिंगच पाडणार, मग कशाला?" प्रश्न खरा आहे. छत्री पॅनेलची आहे, सुटी होते. नव्या इमारतीच्या गच्चीवर आग्नेय कोपऱ्यात तीन बाय तीन मीटर जागा आणि खाली बीम, एवढं आर्किटेक्टच्या आराखड्यात आत्ताच लिहून घ्यावं. नंतर सौर पॅनेल आणि मोबाइल कंपन्यांना दिलेल्या जागेत ते बसणार नाही. ठराव मंजूर झाला. त्या वेळेपर्यंत काही जमलं नाही तर छत्री भाच्याच्या कॉलेजला द्यायची, हेही त्यात आहे.

राहिलेलं काम: गणपतीनंतर एलएनबीच्या झाकणाला सिलिकॉन, ऑक्टोबरमध्ये स्टँडला झिंकचा रंग, आणि १ ऑक्टोबरला ऊन असेल तर सावली पुन्हा तपासणं. काकांनी त्या दिवशी यायचं कबूल केलंय.